मिसिंग आणि कूलंट गळती एकदमच दिसली, तर आधी कोणती तपासणी करावी?

जुन्या गाडीचं इंजिन आयडलिंगला थरथरू लागलं आणि त्याच सुमारास कूलंटची पातळीही उतरू लागली, की पहिलं नाव निघतं ते हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचं. अंदाज वावगा नाही. पण हेड उतरवायचं म्हणजे मॅनिफोल्ड, टायमिंग बेल्ट किंवा चेन, होज, वायरी, सगळं सोडवणं आलं. एवढा खटाटोप करून हेड खाली घ्यावं आणि जुनं गॅस्केट धडधाकट निघावं, अशी वेळ कुठल्याच गाडीमालकावर येऊ नये. ती टाळता येते, कारण हेडला हात न लावता करण्यासारख्या बऱ्याच तपासण्या आहेत. त्यांतली आधी कोणती करायची आणि कुठल्या निकालावर किती विसंबायचं, एवढंच ठरवायचं असतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते: आधी कूलंट कुठे जातंय ते शोधा, मिसिंगच्या मागे नंतर लागा. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, आणि त्याला कारणं पुष्कळ असतात. प्लग, कॉइल, इंजेक्टर, हवेची गळती, व्हॉल्व्ह, कम्प्रेशन, यादी संपत नाही. कूलंटला मात्र जायला दोनच वाटा आहेत, बाहेर किंवा इंजिनाच्या आत. त्यातली कुठली ते कळलं, की मिसिंगची अर्धी यादी आपोआप गळून पडते.

एकच दुखणं की दोन?

दोन्ही लक्षणं एकाच आठवड्यात दिसली म्हणून कारण एकच असेल असं नाही. जुन्या गाडीत होजही म्हातारे झालेले असतात आणि कॉइलही. तरीही एकाच कारणातून दोन्ही लक्षणं निघण्याचे काही ठराविक मार्ग आहेत, आणि ते सगळेच हेड गॅस्केटपाशी जात नाहीत.

गॅस्केट पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यामध्ये फाटलं, तर गाडी बंद केल्यावर उरलेल्या दाबाने कूलंट हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी सेल्फ मारला की इंजिन एका सिलिंडरवर लंगडतं, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, आणि मिनिटभरात सगळं सुरळीत होतं. दिवसभर गाडी छान चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. हा नमुना दिसला, तर मी हेड गॅस्केटचा संशय यादीत सगळ्यात वर ठेवते.

दुसरा मार्ग इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या गॅस्केटचा. बऱ्याच व्ही-६ आणि व्ही-८ इंजिनांत कूलंटची वाट या मॅनिफोल्डमधूनच जाते. गॅस्केट एका कडेला गेलं तर कूलंट गळतं आणि दुसऱ्या कडेला गेलं तर इंजिन फुकटची हवा ओढतं. लक्षणं दोन्ही, पण हेडला हात लावायची गरज नाही.

तिसरा मार्ग अगदी साधा असतो. वरचा एखादा होज किंवा थर्मोस्टॅटचं हाउसिंग झिरपतं, थेंब कॉइलवर किंवा प्लगच्या खोबणीत पडतात, आणि ठिणगी भलतीकडे उडते. क्लॅम्प बदलून खोबण कोरडी केली की काम संपलं.

चौथा मार्ग फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कूलंट कमी झालं की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत राहतो. इंजिन तापलेलं असतानाही तो 'गार आहे' असं सांगतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत राहतो. गाडी रफ चालते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात. इथे गळती हे मूळ, आणि मिसिंग तिचा परिणाम.

गळती शोधायला: प्रेशर टेस्टर की यूव्ही डाय?

दोन्हींमध्ये मी प्रेशर टेस्टरच आधी लावते. हा एक साधा हातपंप आणि त्यावर दाब दाखवणारा काटा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं किंवा टँकचं झाकण काढून त्या जागी तो बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरायचा. बहुतेक गाड्यांत तो 13 ते 16 पीएसआयच्या आसपास असतो. त्याच्या वर जाऊ नका. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात, आणि जास्तीच्या दाबाने धडधाकट रेडिएटरही फुटू शकतो. झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवताच ते वाफ होऊन तोंडावर उसळतं.

दाब भरून वीस मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर गारपणी तरी गळती नाही. काटा उतरतोय आणि खाली थेंबही पडतायत, तर वाट बाहेरची: होज, रेडिएटर, वॉटर पंपखालचं छोटं भोक किंवा ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे कोअर प्लग. काटा उतरतोय पण खाली सगळं कोरडं आहे, तर दोनच जागा उरतात. पहिली हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर. पुढच्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं, चिकट लागलं किंवा काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर तीच. दुसरी जागा इंजिनाच्या आत.

आतली वाट असेल तर टेस्टर तसाच लावून रात्रभर ठेवा. सकाळी इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, सगळे प्लग बाहेर घ्या, भोकांवर जुनं फडकं सैलसर टाका आणि बाजूला उभं राहून सेल्फ मारा. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट उतरलं असेल, त्या भोकातून हिरवट किंवा गुलाबी तुषार उडतो आणि फडक्यावर डाग उमटतो. तोंड भोकांच्या वर नेऊ नका. कूलंट वेगाने उडतं. प्लगही नीट पाहा. तीन प्लगांची टोकं तपकिरी आणि एकाचंच टोक वाफेने धुतल्यासारखं पांढरंशुभ्र असेल, तर तो सिलिंडर कूलंट जाळतोय. छोटा कॅमेरा मिळाला तर पिस्टनचं डोकंही दिसतं: बाकीच्यांवर काळा कार्बन, आणि या एकाचं धातू चमकतंय. पातळ झिरप पकडायला मला याहून भरवशाचा पुरावा माहीत नाही.

यूव्ही डाय म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग, आणि त्याची जागा वेगळी आहे. इंजिन गरम झाल्यावरच, रस्त्यावर धावतानाच जी गळती होते आणि गार झाल्यावर धातू आवळला की बंद होते, ती प्रेशर टेस्टरला सापडत नाही. डाय कूलंटमध्ये टाकून काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची आणि मग अंधारात यूव्ही दिव्याखाली पाहायचं. आतल्या गळतीबद्दल डाय फारसं बोलत नाही. त्यामुळे मिसिंगही असेल तेव्हा ती दुसरी पायरी ठरते.

एक गोष्ट दोन्ही तपासण्यांतून निसटते: झाकण. पाणी आणि कूलंटचं 50:50 मिश्रण मोकळ्या हवेत सुमारे 107 अंशांना उकळतं, आणि 15 पीएसआयचं झाकण ते सुमारे 129 अंशांपर्यंत रोखून धरतं. स्प्रिंग थकली की कूलंट लवकर उकळून ओसंडतं. कुठेच गळती नसताना पातळी कमी होते. प्रेशर टेस्टरसोबत झाकण तपासायचा अॅडॉप्टर येतो, तो वापरल्याशिवाय टेस्टर परत ठेवू नका.

गॅस्केटचा पुरावा: ब्लॉक टेस्ट, कम्प्रेशन की लीक-डाउन?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. या तिन्ही तपासण्यांकडे 'गॅस्केट गेलंय का' हा एकच प्रश्न घेऊन लोक जातात, पण प्रत्येक तपासणी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

ब्लॉक टेस्ट विचारते: जळालेला वायू कूलंटमध्ये येतोय का? काचेच्या नळीत निळं द्रावण असतं. झाकण इंजिन गार असतानाच काढून नळी टँकच्या तोंडावर ठेवायची, आणि मग इंजिन चालू होऊन गरम झाल्यावर रबरी फुग्याने आतली हवा त्यातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड लागला की द्रावण पिवळं होतं. आधी कूलंटची पातळी दोन-तीन बोटं खाली घ्या, कारण कूलंटच नळीत शिरलं तर द्रावण खराब होतं आणि निकालाला अर्थ उरत नाही. द्रावण जुनं आहे का, हे त्यातले काही थेंब बाजूला काढून त्यांतून तोंडाची हवा सोडून तपासता येतं. ती फुंकर मारूनही रंग बदलला नाही, तर ते द्रावण टाकून द्या.

रंग स्पष्ट पिवळा झाला तर मी तो पुरावा मानते. निळा राहिला तर मात्र 'गॅस्केट ठीक आहे' असं म्हणत नाही. कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय पण वायू उलट येत नाही, अशी गळती या तपासणीतून सहज सुटते. फक्त चढावर, भाराखाली उघडणारी फटही सुटते. डिझेलच्या धुरात आयडलिंगला हवा जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी असल्यामुळे रंगबदलही फिकट, हिरवटसर असतो. डिझेलमध्ये आणखी एक वाट आहे, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग. तो आतून फुटला की कूलंट जातं, पांढरा धूर येतो, इंजिन रफ चालतं, आणि हेड गॅस्केट मात्र पूर्ण शाबूत असतं.

ब्लॉक टेस्टसारखंच पण बिनखर्चाचं एक लक्षण आहे. गार इंजिन सुरू करून लगेच वरचा होज हातात धरा. अजून गारच असताना एक-दोन मिनिटांत तो फुगून टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. सिलिंडरमधून वायू येतोय.

कम्प्रेशन टेस्ट विचारते: हा सिलिंडर दाब धरतो का? सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढून, बॅटरी भरलेली असताना प्रत्येक सिलिंडर मोजायचा. पेट्रोल इंजिनात साधारण 120 ते 180 पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात. नेमका आकडा मॉडेलवर ठरतो, पण सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नको. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी गेली असं समजायला हरकत नाही. एकच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

कम्प्रेशनवर एकट्यावर मी विसंबत नाही. रात्रभरात चमचाभर कूलंट सोडणारी बारीक चीर कम्प्रेशनचा आकडा हलवतही नाही. उलट सिलिंडरमध्ये द्रव साचलं असेल तर आकडा नेहमीपेक्षा वर जाऊ शकतो. 'कम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे गॅस्केट चांगलं' हे वाक्य जितक्या खात्रीने सांगितलं जातं तितकं ते खरं नाही.

लीक-डाउन टेस्ट विचारते: दाब जातोय तर कुठून? पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून बाहेरची हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर जुन्या इंजिनाला उत्तमच, वीसच्या पुढे गेलं तर कारण शोधायला हवं. टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कान. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईलच्या झाकणातून आली तर रिंगा. आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले तर गॅस्केट, नाहीतर हेडला किंवा ब्लॉकला तडा. याला कॉम्प्रेसर लागतो, वेळही जातो, आणि पिस्टन टोकापासून जरा हलला तर हवेच्या जोराने इंजिन गर्रकन फिरू शकतं, म्हणून क्रँकच्या पुलीवर पाना लावून ठेवायचा नाही. इतकं असूनही, हेड उतरवायचं की नाही हा निर्णय ज्या एका तपासणीवर घ्यावा अशी मला वाटते, ती हीच.

हाताशी फक्त एकच करण्याची सोय असेल तर पेट्रोल गाडीत आधी ब्लॉक टेस्ट करा, कारण ती सोपी आहे. निकाल निळा आला आणि सकाळचं लंगडणं मात्र चालूच असेल, तर कम्प्रेशनमध्ये वेळ न घालवता प्रेशर टेस्टर रात्रभर लावा किंवा थेट लीक-डाउनकडे जा.

मिसिंगसाठी: स्कॅनर की जुनी पद्धत?

ओबीडी, म्हणजे दोषांचे कोड नोंदवणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत स्कॅनर आधी. पी0300 म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरवर, पी0301 ते पी0304 म्हणजे नेमका पहिला ते चौथा. लोक कोड वाचून थांबतात, पण मला त्याच्यामागची फ्रीझ फ्रेम जास्त मोलाची वाटते. कोड नोंदला गेला त्या क्षणी कूलंट किती अंश होतं, इंजिन किती आरपीएमवर होतं, भार किती होता, हे तिथे नोंदलेलं असतं. गार कूलंटवर एकाच सिलिंडरचा मिस असेल तर आतल्या गळतीचा संशय बळावतो. गरम इंजिनावर, चढावर मिस असेल तर आधी कॉइल आणि प्लग. दोन सिलिंडरांच्या कॉइल आपसांत बदलून बघा. कोडही कॉइलबरोबर सरकला तर काम झालं.

लाइव्ह डेटामध्ये आणखी दोन आकडे पाहा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. तसं नसेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरचा रेझिस्टन्स 20 अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास असतो, तो मल्टिमीटरने ताडून पाहता येतो. दुसरा आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय त्याचा. आयडलिंगला तो अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि 2500 आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर इंजिन कुठूनतरी जादा हवा ओढतंय. तिथे इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमचे होज तपासायचे, हेड नाही. ही गळती शोधायला स्मोक मशीन चांगलं. गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारायची सवय आगीला आमंत्रण देते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत स्कॅनर नाही, पण व्हॅक्यूम गेज आहे. समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला काटा पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांवर स्थिर राहायला हवा. ठराविक लयीत खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर साथ देत नाही. स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा टायमिंग. आणि मिसिंग कुठेच सापडत नसेल, तर इंजिनचे माउंट बघा. त्यांचं रबर गेलं की व्यवस्थित चालणारं इंजिनही स्टिअरिंग हलवून सोडतं.

हेड उतरवायचं, कूलंटमध्ये औषध टाकायचं, की इंजिनच बदलायचं?

गळती बंद करणारी औषधं मिळतात. त्यांतल्या बऱ्याच औषधांत सोडियम सिलिकेट असतं, जे उष्णतेने फटीत जमून घट्ट होतं. मात्र ते फट आणि हीटर कोअरची बारीक नळी यांत फरक करत नाही. गाडी भंगारात काढायच्या बेतात असेल तर वापरा. पुढे वर्षानुवर्षं चालवायची असेल तर टाळा.

डिपस्टिकवर दुधाळ, चॉकलेटी फेस दिसला तर निर्णय सोपा होतो: गाडी तिथेच थांबवायची. कूलंट मिसळलेलं ऑईल बेअरिंगांवर टिकत नाही. फक्त झाकणाखाली पांढरट थर असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर घाबरायचं कारण नाही. थंडीत छोट्या फेऱ्यांत तिथे ओलावा साचतोच. सेल्फ मारताना इंजिन एकदम अडकलं तर पुन्हा मारू नका. द्रव दाबलं जात नाही, सिलिंडर भरलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उतरवायचं ठरलं तर नुसतं नवं गॅस्केट बसवून ते परत लावणं म्हणजे अर्धं काम. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेडचा सपाटपणा पाहायला हवा. बऱ्याच अॅल्युमिनियम हेडना 0.05 मिलिमीटरच्या आसपासच सूट असते, त्यापुढे फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, आलं. तड्यासाठी हेडची प्रेशर टेस्ट हवी. ताणून बसवायचे बोल्ट नवेच हवेत. गाडी पूर्वी कधी खूप तापली असेल आणि लीक-डाउनमध्ये ऑईलच्या झाकणातूनही मोठी फुसफुस येत असेल, तर रिंगाही गेलेल्या आहेत. तिथे वापरलेलं पण तपासलेलं इंजिन बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतायला त्याचं थोडंसं प्रमाणही पुरतं.

दुरुस्तीनंतर सिस्टीममधली हवा नीट काढून टँकवर मार्करने रेघ मारा आणि काही दिवस रोज सकाळी गार इंजिनावर पातळी पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती जरा उतरली तर उरलेली हवा निघाली असं समजून रेघेपर्यंत भरा. त्यानंतर पातळी हलत नसेल पण सकाळची मिसिंग राहिली असेल, तर ती दोन वेगळी दुखणी होती. तेव्हा पुन्हा हेडकडे वळू नका. कूलंटने भिजलेला प्लग, त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि सिलिकेटने खराब झालेला ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने बघा.